पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, मारियाडीबी, एसक्यूलाइट: पॅच कुणाच्या हातून जातो? (चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तळटीप (धागाकर्ता)

डेटाबेसांची तुलना म्हटली की लगेच वैशिष्ट्यांचा तक्ता येतो आणि बेंचमार्कचे आकडे सुरू होतात. तक्त्यात आता फारसा फरक उरलेला नाही. विंडो फंक्शन्स, सीटीई, जेसन सगळ्यांकडे आहे. बेंचमार्क तर ज्याने चालवला त्याच्या बाजूने झुकतो. म्हणून इथे वेगळ्या बाजूने बघू: हे सॉफ्टवेअर कोण लिहितं, पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) कोण स्वीकारतं, चूक सापडली की ती कुठे दिसते, आणि या सगळ्याचा रात्री दोन वाजता सर्व्हर बघणाऱ्या माणसावर काय परिणाम होतो.

सुरुवातीपुरतं मांडतो.

पोस्टग्रेस १९८६ मध्ये बर्कलीला मायकल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पातून सुरू झाला, १९९६ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. मालक कंपनी नाही. कोअर टीम सात जणांची, आणि कमिट करण्याचा (बदल मूळ कोडमध्ये घालण्याचा) हक्क असलेली माणसं तीसच्या आसपास. पॅच ई-मेलने येतो, 'हॅकर्स' नावाच्या विकासकांच्या यादीवर त्याची चिरफाड होते. वर्षात पाच कमिटफेस्ट (पॅच तपासण्याच्या फेऱ्या): जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी, मार्च. एप्रिलच्या सुरुवातीला फीचर फ्रीझ, म्हणजे नवं काही घेणं बंद. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोठी आवृत्ती, तिला पाच वर्षं आधार. छोट्या आवृत्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी. कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवता येते.

मायएसक्यूएल १९९५ चा, स्वीडनचा. २००८ मध्ये सनने घेतला, २०१० मध्ये सनसकट ओरॅकलकडे गेला. डेटा साठवणारं त्याचं इनोडीबी हे इंजिन तर त्याआधीच, २००५ मध्ये, फिनलंडची इनोबेस कंपनी घेऊन ओरॅकलने मिळवलं होतं. कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला आहे, पण रोजचं काम कंपनीच्या आत चालतं आणि सार्वजनिक रेपॉझिटरीत मुख्यतः आवृत्ती निघताना उतरतं.

मारियाडीबी ही २००९ मध्ये मायएसक्यूएलचे मूळ लेखक मायकल विडेनियस यांनीच त्याच्या कोडवरून काढलेली फांदी. तिच्यामागे एक फाउंडेशन आणि एक कंपनी, दोन्ही. जिरा (बगची नोंदवही) सगळ्यांना दिसतो, पुल रिक्वेस्ट (बदल घेण्याच्या विनंत्या) गिटहबवर.

एसक्यूलाइटची तऱ्हा या तिघांहून न्यारी. त्यावर कुणीतरी लिहाच.

मोडी_लिपिक

पोस्टग्रेसबद्दल एक भर. तिथे काय आत आलं यापेक्षा काय बाहेर काढलं हे बघा, पद्धत जास्त कळते.

'मर्ज' हा आदेश एप्रिल २०१८ मध्ये आवृत्ती ११ साठी कमिट झाला आणि त्याच महिन्यात मागे घेतला गेला. तो शेवटी आला १५ मध्ये, २०२२ साली. चार वर्षं! त्याच १५ मध्ये एसक्यूएल-जेसनचा मोठा गठ्ठा होता. बीटा तीन होऊन गेले होते, लोकांनी ब्लॉग लिहून टाकले होते, आणि सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला तो सगळा उचलून बाहेर ठेवला. काही भाग १६ मध्ये आला, जेसन_टेबल १७ मध्ये. वेळेच्या कालावधीवरच्या प्रायमरी कीचंही (ओळीची अनन्य ओळख) तेच झालं: १७ मधून काढली, १८ मध्ये आली.

व्यवहारात याचा अर्थ: बीटामध्ये दिसलेल्या सोयीवर तारखेचं वचन देऊ नका. उलट जे अंतिम आवृत्तीत आलं ते बऱ्यापैकी घासून आलेलं असतं.

बऱ्यापैकी म्हणतोय, कारण चुका तिथेही होतात. १४.० ते १४.३ मध्ये 'क्रिएट इंडेक्स कॉन्करंटली' (टेबल न अडवता इंडेक्स, म्हणजे शोधसूची, बांधणं) चालू असताना टेबलवर लेखन झालं तर इंडेक्स गुपचूप खराब होऊ शकत होता. जून २०२२ मध्ये वेळापत्रक मोडून १४.४ काढावी लागली. अपग्रेड करून हे बरं होत नाही, त्या काळात बांधलेले इंडेक्स रीइंडेक्स करावे लागतात. आणि १४ नोव्हेंबर २०२४ ची १७.१ (तिच्याबरोबरच्या १६.५, १५.९ वगैरेही): एका अंतर्गत स्ट्रक्चरचा आकार वाढला, आणि आधीच्या आकारावर कंपाइल केलेली एक्स्टेंशन्स (वरून जोडलेली पूरक मॉड्यूल्स), विशेषतः टाइमस्केलडीबी, अडचणीत आली. आठवड्यात १७.२.

म्हणून एक्स्टेंशन वापरत असाल तर 'छोटी आवृत्ती म्हणजे बायनरी बदला आणि रीस्टार्ट' हे सूत्र आठवडाभर थांबून वापरा. सुरक्षेचं छिद्र गंभीर असेल तर अर्थात थांबू नका.

खालचा_मजला

मायएसक्यूएलला 'कंपनीचा' म्हणून नाक मुरडायची फॅशन आहे, म्हणून आधी त्याच्या बाजूने बोलतो.

इनोडीबीची रचना लेखन-जड कामाला अनेकदा सरस पडते. टेबल म्हणजेच प्रायमरी कीचं बी-ट्री (झाडासारखी क्रमवार रचना). दुय्यम इंडेक्समध्ये ओळीचा पत्ता नसतो, प्रायमरी की असते. त्यामुळे ओळ बदलली तरी ज्या कॉलमवर इंडेक्स नाही त्या बदलाने दुय्यम इंडेक्सना धक्का लागत नाही. जुनी प्रत अनडू लॉगमध्ये जाते, टेबल फुगत नाही. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक अपडेटला ओळीची नवी प्रत टेबलातच लिहिली जाते, आणि जागा बदलली की त्या टेबलवरच्या सगळ्या इंडेक्समध्ये नवी नोंद. २०१६ मध्ये उबरने पोस्टग्रेस सोडून मायएसक्यूएलकडे जाताना हेच कारण पुढे केलं होतं.

किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. प्रायमरी की प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्ये उतरते, म्हणून ती लांब असेल तर मेलात. ३६ अक्षरी यूयूआयडी (यंत्राने बनवलेला अनन्य ओळखक्रमांक) मजकूर म्हणून ठेवला आणि बिगइंट (पूर्णांक) ८ बाइटचा धरला, तर फरक २८ बाइट. पाच दुय्यम इंडेक्स, एक कोटी ओळी: १.४ जीबी नुसत्या किल्ल्यांचे, पानांतली रिकामी जागा न धरता. त्यात यूयूआयडी यादृच्छिक असेल तर प्रत्येक भर वेगळ्या पानावर पडते, १६ केबीची पानं मधोमध फुटत राहतात आणि बफर पूलमध्ये (मेमरीतल्या पानांच्या साठ्यात) काहीच गरम राहत नाही. निदान १६ बाइटच्या बायनरी कॉलममध्ये ठेवा, आणि वेळेनुसार वाढणारा यूयूआयडी घ्या.

आता विकासाच्या पद्धतीबद्दल, जिथे टीका रास्त आहे. ८.० ही २०१८ ची आवृत्ती, आणि पुढची पाच वर्षं छोट्या आवृत्त्यांमधूनच नवी वैशिष्ट्यं ढकलली जात होती. म्हणजे दुरुस्ती म्हणून घेतलेल्या पॅकेजबरोबर नवा कोडही घरात. वर ८.० मध्ये जागच्या जागी मागच्या आवृत्तीवर परतता येत नाही. २०२३ मध्ये ८.१ पासून 'इनोव्हेशन' (नव्या वैशिष्ट्यांची शाखा) वेगळी काढली आणि एप्रिल २०२४ मध्ये ८.४ ही पहिली एलटीएस (दीर्घकाळ आधाराची आवृत्ती) आली. हे फार आधी व्हायला हवं होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये ८.०.३८, ८.४.१ आणि ९.०.० या तिन्ही मागे घ्याव्या लागल्या: हजारो टेबलं असलेला सर्व्हर रीस्टार्टला कोसळत होता. चालू सर्व्हरवर काहीच दिसायचं नाही, बंद करून चालू केला की खलास. प्रत्येक ग्राहकाला वेगळा स्कीमा (टेबलांचा स्वतंत्र संच) देणाऱ्यांना याचा थेट फटका.

ओळखपत्र

प्रश्न बाळबोध वाटेल. मध्यम आकाराचं बिलिंग, सर्वांत मोठं टेबल दोन-तीन कोटी ओळींचं, अपडेट भरपूर. पोस्टग्रेस घेतला तर व्हॅक्यूमचं (मेलेल्या ओळी साफ करण्याचं) नक्की किती डोक्याला लावून घ्यायचं? कुणी म्हणतं 'ऑटो आहे, विसरा', कुणी म्हणतं रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आदेश चालवणाऱ्या साधनातून) चालवा.

मोडी_लिपिक

दोन्ही चूक. विसरू नका, आणि क्रॉनही नको.

ऑटोव्हॅक्यूम कधी जागा होतो: ५० अधिक टेबलच्या २० टक्के इतक्या मृत ओळी साठल्या की. तीन कोटींच्या टेबलात म्हणजे ६० लाख मृत ओळी होईपर्यंत तो हलणार नाही. तोवर टेबल आणि इंडेक्स फुगलेले. त्या एका टेबलपुरता स्केल फॅक्टर ०.०१ करा (अल्टर टेबलने टेबलपुरतं सेट होतं, पूर्ण सर्व्हरला नको). मग तीन लाखांना तो येईल, काम छोटं असेल, लवकर संपेल.

दुसरं, फिलफॅक्टर. तो मुळात १००, म्हणजे पान ठासून भरतं. अपडेट जड असलेल्या टेबलला ८५-९० द्या. पानात जागा असेल आणि इंडेक्स असलेला कॉलम बदलला नसेल, तर नवी प्रत त्याच ८ केबीच्या पानात बसते आणि इंडेक्सना हात लागत नाही. यालाच हॉट अपडेट म्हणतात, ८.३ पासून आहे. खालचा_मजला यांनी वर जो आक्षेप सांगितला त्याचं अर्धं उत्तर हे. अर्धंच, कारण 'शेवटचा बदल कधी' या कॉलमवर इंडेक्स ठेवलात की प्रत्येक अपडेटला तो बदलतो आणि हॉट मेला. असे इंडेक्स शोधून उडवा. पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्समध्ये एकूण अपडेट आणि हॉट अपडेट शेजारी-शेजारी दिसतात.

फिलफॅक्टर फक्त नव्या पानांना लागू होतो, हे बरेच जण विसरतात. जुन्या पानांसाठी टेबल पुन्हा लिहावं लागेल.

तिसरं, आणि हे खरं मारतं: उघडं राहिलेलं ट्रान्झॅक्शन. कुणी दुपारी बिगिन करून, एखादी ओळ बदलून, ट्रान्झॅक्शन न संपवता चहाला गेला की त्याच्या स्नॅपशॉटनंतर (त्याला दिसणाऱ्या डेटाच्या क्षणचित्रानंतर) मेलेली एकही ओळ, कुठल्याही टेबलातली, व्हॅक्यूमला उचलता येत नाही. व्हॅक्यूम धावतो, लॉग लिहितो, हात हलवत परत येतो. आयडल-इन-ट्रान्झॅक्शनचा टाइमआउट मुळात बंद असतो, तो पाच मिनिटं तरी लावा. हाच परिणाम सोडून दिलेल्या रेप्लिकेशन स्लॉटने (दुसऱ्या प्रतीसाठी बदल राखून ठेवणाऱ्या नोंदीने) होऊ शकतो, शिवाय तो वॉल फाइली (बदलांची नोंदवही) अडवून डिस्क भरतो. आवृत्ती १३ पासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज आहे, मुळात अमर्याद. आकडा द्या.

आणि डिस्क भरली म्हणून पीजी_वॉलमधल्या फाइली हाताने पुसू नका. कृपया. दर वर्षी कुणीतरी पुसतंच.

खालचा_मजला

उघड्या ट्रान्झॅक्शनचं दुखणं इनोडीबीलाही आहे, फक्त जागा वेगळी. 'शो इंजिन इनोडीबी स्टेटस'मध्ये हिस्टरी लिस्ट लेंग्थ बघा. तो आकडा काही हजारांत असतो, लाखांत जाऊन वाढतच राहिला तर कुणीतरी जुना स्नॅपशॉट धरून बसलंय. अनडू फुगतो आणि साधी सिलेक्टही जुन्या प्रती मागे मागे शोधत मंदावते. बॅकअपचा लांबलेला डंप हा नेहमीचा गुन्हेगार.

तळटीप (धागाकर्ता)

@ओळखपत्र, एवढ्याशा आकाराला ट्रान्झॅक्शन आयडी रॅपअराउंडची भीती कुणी घातली तर घाबरू नका, पण एकदा समजून घ्या. आयडी ३२ बिटांचा, म्हणून दोन अब्जांच्या थोडं पुढे गोल फिरतो. ऑटोव्हॅक्यूम २० कोटींनाच जबरदस्तीने फ्रीझ करायला निघतो. हे ऑटोव्हॅक्यूम बंद करून ठेवलेलं असलं तरीही. संकट येतं ते वर सांगितलेल्या अडकलेल्या ट्रान्झॅक्शनमुळे किंवा स्लॉटमुळे त्याला काम करता आलं नाही तरच. पीजी_डेटाबेसमधल्या डॅटफ्रोझनएक्सआयडीचं वय पन्नास कोटींपलीकडे गेलं तर अलार्म, एवढं पुरे.

६४ बिटांचे आयडी का करत नाहीत, हा पुढचा प्रश्न असतो. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर दोन आयडी असतात. ते दुप्पट केले की प्रत्येक ओळ ८ बाइटने वाढते आणि डिस्कवरचा आराखडा बदलतो. पॅच यादीवर अनेकदा येऊन गेलेत. मालक नसलेल्या प्रकल्पात 'करूनच टाका' म्हणणारं कुणी नसतं, हे त्या पद्धतीचं दुसरं अंग.

सांडगे_मिरची

मारियाडीबी 'मायएसक्यूएलच्या जागी सरळ बसतो' हे वाक्य ५.५ च्या काळातलं. आता विसरा.

जेसन: मायएसक्यूएलमध्ये स्वतंत्र बायनरी प्रकार, मारियाडीबीत लॉंगटेक्स्टचंच दुसरं नाव. जीटीआयडी (रेप्लिकेशनमधला ट्रान्झॅक्शनचा क्रमांक): दोघांचा आराखडा वेगळा, एकमेकांत चालत नाही. कोलेशन (अक्षरांच्या क्रमाचे आणि समानतेचे नियम): मायएसक्यूएल ८ च्या डंपमध्ये ०९०० असं शेपूट असलेली कोलेशन असते. जुन्या मारियाडीबीला ती ठाऊकच नाही, आयात पहिल्याच टेबलला थांबते. डंप फाइलमध्ये सेड आदेशाने नाव बदलून पुढे जाता येतं, पण त्याने क्रम आणि समानतेचे नियम बदलतात, युनिक की आदळू शकते. आधी एका प्रतीवर करून बघा.

उलट दिशेचा खड्डा अगदी क्षुल्लक आणि म्हणून छळणारा. मे २०२४ च्या आवृत्त्यांपासून (१०.६.१८, १०.११.८ आणि त्यांच्या भावंडांपासून) मारियाडीबीचा डंप पहिल्या ओळीत सँडबॉक्स मोड चालू करणारी एक विशेष कॉमेंट लिहितो. जुना क्लायंट किंवा मायएसक्यूएलचा क्लायंट तिच्यावर अडखळून 'अज्ञात आदेश' म्हणत मरतो. पहिली ओळ टेल आदेशाने वगळून पाइप करा, संपलं. हा बदल सुरक्षेसाठी होता, कारण क्लायंट डंपमधून शेल आदेश चालवू शकत होता. कारण रास्त. पण स्थिर शाखेच्या छोट्या आवृत्तीत आला, आणि बॅकअप परत चढवायच्या दिवशीच लोकांना कळला.

फाउंडेशन आहे म्हणजे कंपनीच्या चढउतारांपासून सुरक्षित, असंही नाही. मारियाडीबी कंपनी डिसेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात गेली आणि २०२४ मध्ये के-वन या गुंतवणूक कंपनीने ती विकत घेऊन बाजारातून काढली. सर्व्हरचा कोड जीपीएलखालीच राहिला. पण बरेचसे पूर्णवेळ प्रोग्रॅमर कुणाच्या पगारावर आहेत हे बघायचंच.

मोडी_लिपिक

हा पगाराचा मुद्दा पोस्टग्रेसलाही लागू आहे. सप्टेंबर २०२० मध्ये एंटरप्राइझडीबीने सेकंडक्वाड्रंट घेतली तेव्हा पाच जणांच्या कोअर टीममधले तीन एकाच कंपनीत आले. निम्म्याहून जास्त एका कंपनीचे नसावेत हा अलिखित नियम, म्हणून दोन नवे सदस्य घेऊन टीम सातची केली. कुणी राजीनामा दिला नाही, कुणी भांडलं नाही. (अवांतर: याच एंटरप्राइझडीबीचं मोठं कार्यालय पुण्यात आहे. हॅकर्स यादीवर मराठी आडनावं दिसली तर दचकू नका.)

पण बग ट्रॅकर नाही हे मात्र खरंच त्रासाचं आहे. बगचा अर्ज भरला की त्याला नंबर मिळतो आणि तो ई-मेल यादीवर जातो, बस्स. 'हा बग अजून उघडा आहे का' याचं उत्तर म्हणजे जुने ई-मेल वाचणं. त्या मानाने मारियाडीबीचा जिरा सोन्यासारखा.

उलट बाजूला बिल्डफार्म आहे. लोकांनी आपापली यंत्रं दिलेली, प्रत्येकाला एका प्राण्याचं नाव. कमिट झाला की तासाभरात कुठल्या तरी कोपऱ्यातल्या विचित्र प्रोसेसरवरचा प्राणी लाल होतो आणि कमिट करणाऱ्याला झोप सोडून उठावं लागतं.

एकच_फाइल

एसक्यूलाइटची बाजू लिहितो.

रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये सुरू केला, अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेवरच्या कामातून. परवाना नाहीच, पब्लिक डोमेन. आणि गंमत अशी की कोड खुला, पण योगदान बंद. बाहेरून पॅच पाठवलात तर तो फार तर सूचना म्हणून वाचला जाईल आणि कोड ते स्वतः लिहितील. पब्लिक डोमेनची साखळी स्वच्छ ठेवायची हे त्यामागचं कारण. गिटसुद्धा नाही, फॉसिल हे त्यांचंच साधन. २०५० पर्यंत आधार द्यायचा इरादा जाहीर केलेला आहे. चाचण्यांचा कोड मूळ कोडच्या ५९० पट, असं त्यांचंच पान सांगतं. याला कंटाळून २०२२ मध्ये लिबएसक्यूएल ही योगदान घेणारी फांदी निघाली.

इतक्या चाचण्या असूनही लोक पडतात, कारण मूळ सेटिंग्ज जुन्या सुसंगतीसाठी गोठवलेल्या आहेत. चार गोष्टी तपासा.

फॉरेन की मुळात बंद. प्रत्येक कनेक्शनवर प्राग्मा आदेशाने चालू करावी लागते, फाइलमध्ये ती साठत नाही.

जर्नल मोड (बदल नोंदवण्याची पद्धत) वॉल करा. हे मात्र फाइलमध्ये साठतं. वाचणारे आणि एक लिहिणारा एकत्र चालतात. लिहिणारा तरीही एकच. नेटवर्क फाइलसिस्टीमवर वॉल चालत नाही, कारण त्याला एकाच यंत्रावरची सामायिक मेमरी लागते.

बिझी टाइमआउट (लॉक सुटण्यासाठी थांबायचा वेळ) शून्य असतो. पाच सेकंद द्या. एवढं करूनही 'डेटाबेस लॉक्ड' येतंच आणि लोक चक्रावतात. कारण: साध्या बिगिनने आधी वाचलं, मग लिहायला गेलात, आणि मधल्या वेळात दुसऱ्याने लिहून टाकलं. आता तुमचा स्नॅपशॉट शिळा, कितीही थांबून तो ताजा होणार नाही, म्हणून तो थांबतच नाही, लगेच चूक देतो. लिहायचं आहे हे आधीच माहीत असेल तर बिगिन इमिजिएट वापरा.

बॅकअप म्हणून चालू असलेली फाइल सीपीने (साध्या कॉपीने) उचलू नका. ताजे बदल शेजारच्या वॉल फाइलमध्ये असतात. बॅकअप आदेश वापरा किंवा 'व्हॅक्यूम इन्टू'.

शुद्धलेखन

या धाग्यावर मराठी मजकुराचं कुणीच बोललं नाही, आश्चर्य आहे.

युनिकोडमध्ये 'ळ' हे 'ल' च्या लगेच पुढे आहे, 'व' च्या आधी. आपल्या वर्णमालेत तो 'ह' नंतर. नुसत्या बाइटक्रमाने लावलं तर काल, काळ, कावळा असा क्रम येतो. शब्दकोशाप्रमाणे काल, कावळा, काळ हवा. 'क्ष' आणि 'ज्ञ' तसेच: बाइटक्रमात ते 'क' आणि 'ज' च्या पोटात शिरतात, आपल्याला शेवटी हवेत. आडनावांची यादी छापून दिली की पहिली तक्रार हीच.

पोस्टग्रेसमध्ये आयसीयू (भाषांचे क्रम सांभाळणारी लायब्ररी) प्रोव्हायडरने मराठी-भारत लोकेलचं कोलेशन बनवा आणि ते त्या कॉलमलाच लावा. नुसतं ऑर्डर बायमध्ये लावलंत तर साधा इंडेक्स कामी येत नाही, कारण इंडेक्स दुसऱ्या क्रमाने बांधलेला असतो, आणि प्रत्येक वेळी सॉर्ट होतो.

लांबीचा घोळ. 'क्षत्रिय' वाचणाऱ्याला तीन अक्षरं, डेटाबेसला आठ कोडपॉइंट (युनिकोडची सुटी चिन्हं), डिस्कवर २४ बाइट. व्हारचार ५० म्हणजे पन्नास कोडपॉइंट. नाव-पत्त्याला इंग्रजीच्या सवयीने आकडे दिलेत तर गावाचं नाव मावणार नाही.

मायएसक्यूएलचा जुना 'यूटीएफ-८' हा प्रत्यक्षात तीनच बाइटचा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नेमकं तीन बाइटचं, म्हणून मराठी वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतं आणि कुणाला संशय येत नाही. मग एक दिवस प्रतिक्रियेच्या रकान्यात इमोजी येतो, तो चार बाइटचा, आणि स्ट्रिक्ट मोड असेल तर इन्सर्ट फेटाळलं जातं, नसेल तर तिथून पुढचा मजकूर गायब. चार बाइटचा 'यूटीएफ-८ एमबी-४' करा. करताना ७६७ बाइटची जुनी इंडेक्स मर्यादा आडवी येते: चारने भागा, १९१ अक्षरं. म्हणूनच जुन्या स्कीम्यात व्हारचार १९१ हा विचित्र आकडा दिसतो. रो फॉरमॅट डायनॅमिक केलात की मर्यादा ३०७२ बाइट.

आणि ज्या कोलेशनच्या नावात 'एआय' म्हणजे खुणांकडे दुर्लक्ष आहे, त्यावर मराठी नावाची युनिक की टाकण्याआधी अनुस्वार असलेली-नसलेली, नुक्ता असलेली-नसलेली जोडी बरोबरीच्या चिन्हाने तपासून घ्या.

मोडी_लिपिक

उत्तम. यालाच जोडून: पोस्टग्रेस पूर्वापार क्रमासाठी ऑपरेटिंग सिस्टीमच्या जीलिबसी या लायब्ररीवर विसंबतो. जीलिबसी २.२८ ने क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. डेबियन १० आणि आरएचईएल ८ या लिनक्सच्या आवृत्त्यांमध्ये ती आली. जुना डेटा तसाच ठेवून खालची ओएस बदलली की मजकुरावरचे इंडेक्स जुन्या क्रमाने बांधलेले, आणि शोध नव्या क्रमाने. ओळ टेबलात आहे पण सापडत नाही, युनिक असून दोनदा शिरते. एकही चूक लॉगमध्ये येत नाही. ओएस बदलली की मजकुराचे इंडेक्स रीइंडेक्स करा. एमचेक हे एक्स्टेंशन बी-ट्री तपासून देतं.

मायएसक्यूएलचे कोलेशन त्याच्या पोटातच असतात, त्याला हा आजार नाही. गुण द्यायचे तिथे द्यावेत. पोस्टग्रेसने १७ मध्ये सी-यूटीएफ-८ हा स्वतःचा अंगभूत क्रम आणला, तो ओएसने बदलत नाही. पण तो बाइटक्रमच, म्हणजे 'ळ' पुन्हा चुकीच्या जागी.

खालचा_मजला

@ओळखपत्र, निवड झाली की स्कीमा (टेबलांची रचना) बदलायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, कारण इथे दोघं फार वेगळे वागतात. पोस्टग्रेसमध्ये अल्टर टेबल ट्रान्झॅक्शनच्या आत चालतं, पाचव्या पायरीला फसलं तर रोलबॅक. मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक डीडीएल (रचना बदलणारा आदेश) आपणहून कमिट करतं. ८.० पासून एकेक आदेश अणुरूप (पूर्ण होतो किंवा अजिबात नाही) आहे, पण पाच आदेशांचा गठ्ठा नाही. मायग्रेशन फाइलमध्ये एका वेळी एकच बदल ठेवा.

रांगेचा धोका दोन्हीकडे. कुणाची तरी लांब सिलेक्ट चालू, तिच्यामागे तुमचं अल्टर, आणि अल्टरमागे साऱ्या दुनियेच्या सिलेक्ट. कॉलम जोडणं क्षणाचं काम असूनही साइट बंद. पोस्टग्रेसमध्ये लॉक टाइमआउट दोन सेकंद देऊन अल्टर चालवा, नाही जमलं तर थोड्या वेळाने परत. मायएसक्यूएलमध्ये लॉक_वेट_टाइमआउट, ज्याची मूळ किंमत ३,१५,३६,००० सेकंद आहे. हो, एक वर्ष. मारियाडीबीत एक दिवस.

आणि मायएसक्यूएल ८.० वर असाल तर त्याचा आधार एप्रिल २०२६ पर्यंतचाच. ८.४ ला जाताना दोन गोष्टी मोडतात: जुनी नेटिव्ह पासवर्ड पद्धत मुळात बंद केलेली आहे, आणि 'शो स्लेव्ह स्टेटस', 'चेंज मास्टर' हे आदेश काढून टाकलेत. देखरेखीच्या जुन्या स्क्रिप्टा रेप्लिका तपासतात त्या याच आदेशांनी. सर्व्हर ठीक असतो, मॉनिटर आंधळा होतो.

ओळखपत्र

सगळ्यांचे आभार. पोस्टग्रेस १७, एक रेप्लिका (सर्व्हरची चालती प्रत), नावांच्या कॉलमला मराठी आयसीयू, असं ठरवतोय. कनेक्शन पीजीबाउन्सरमधून (कनेक्शन वाटून देणारा मधला प्रोग्रॅम), ट्रान्झॅक्शन मोड. मुख्य सर्व्हर डेबियनवर आहे, रेप्लिका दुसऱ्या लिनक्सवर चालेल ना?

मोडी_लिपिक

नको. स्ट्रीमिंग रेप्लिका म्हणजे पानांची हुबेहूब नक्कल, इंडेक्ससकट. मुख्य सर्व्हरच्या जीलिबसी आणि आयसीयूच्या क्रमाने बांधलेला इंडेक्स तिकडच्या वेगळ्या आवृत्तीने वाचला जाईल, आणि तुमची 'ळ' ची नावं रेप्लिकावर मधूनच सापडेनाशी होतील. दोन्हीकडे एकच ओएस, एकच आवृत्ती.

पीजीबाउन्सर १.२१ किंवा पुढचा घ्या, त्याआधी ट्रान्झॅक्शन मोडमध्ये प्रीपेअर्ड स्टेटमेंट चालत नव्हती. सेशनचे ॲडव्हायझरी लॉक आणि सेट आदेश अजूनही चालत नाहीत, तेवढं अॅपमध्ये शोधून काढा.